गाव एवढंसं, मग रेल्वेत त्याचं एवढं नाव का?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत कॅन्ससला असतो, त्याने अ‍ॅबिलीन नावाच्या गावातल्या जुन्या रेल्वे स्टेशनचा फोटो पाठवलाय. वस्ती साडेसहा हजाराच्या आसपास, पॅसेंजर गाडी आता थांबतच नाही, तरी रेल्वेच्या इतिहासात त्याचं मोठं नाव आहे म्हणे. ते कशामुळे? – एक वाचक, भायखळा

उत्तर : ताई, ते स्टेशन गाजलं गुरांमुळे. १८६७ च्या सुरुवातीला तिथे मातीच्या छपरांची डझनभर लाकडी घरं होती, बाकी काही नाही. त्या वर्षी इलिनॉयचा जोसेफ मॅकॉय हा गुरांचा व्यापारी आला, २५० एकर जमीन घेतली, रुळांना लागून गुरांचे वाडे बांधले आणि व्यापाऱ्यांना उतरायला हॉटेलसुद्धा काढलं. कारण साधं होतं, टेक्ससमध्ये जो बैल चार डॉलरला तो उत्तरेत चाळीसपर्यंत जायचा, पण टेक्ससहून तिकडे रेल्वेच नव्हती, मग काउबॉय शेकडो मैल कळप हाकत, वाटेत चारत चारत चिझम ट्रेल नावाच्या वाटेने वर आणायचे. ५ सप्टेंबर १८६७ ला २० डबे भरून गुरं शिकागोकडे निघाली आणि त्या एका सीझनमध्ये ३५ हजारांच्या आसपास गेली!

आपल्याकडे तरी वेगळं काय होतं हो, १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली तिच्यामागे आतल्या मुलखातला कापूस बंदरावर आणायचा हिशोब होताच.

अ‍ॅबिलीनची ही भरभराट जेमतेम पाच वर्षं टिकली. टेक्ससच्या गुरांच्या अंगावर गोचीड असायचे, त्या गुरांना स्वतःला फारसं काही व्हायचं नाही पण कॅन्ससमधल्या गाई तापाने पटापट मरायच्या आणि का मरतायत ते कोणालाच कळत नव्हतं, गोचिडांमुळेच हा ताप पसरतो हे सिद्ध झालं थेट १८९३ मध्ये. वर शेतातून कळप जायचे ते वेगळंच. मला तर त्या शेतकऱ्यांचंच पटतं, डोळ्यादेखत गोठा रिकामा होत असेल तर कोण गप्प बसेल? १८७२ मध्ये त्यांनी सरळ जाहीर सांगितलं की इथे गुरं आणू नका. मग धंदा कॅन्ससमधल्याच एल्सवर्थ, विचिटा आणि पुढे डॉज सिटीला गेला.

तुमच्या फोटोतली इमारत बरीच नंतरची आहे, आता तिथे पर्यटकांना माहिती देतात. मॅकॉयचे वाडे होते गावाच्या पूर्वेला. भाच्याला म्हणावं पुढच्या वेळी तिथून रुळांचा फोटो काढ, मालगाड्या अजून जातात तिथून.