विंडोज ७ अ‍ॅक्टिव्हेटरने चालू केलं तर खरंच काही बिघडतं का?

तुमचा प्रश्न असा: जुन्या लॅपटॉपवर विंडोज ७ आहे, डेस्कटॉप काळा पडतो, कोपऱ्यात 'ही प्रत अस्सल नाही' असं दिसतं, मित्राने दिलेला, परवाना न घेताच विंडोज अस्सल भासवणारा अ‍ॅक्टिव्हेटर टाकू का?

नका टाकू. मी हे उद्योग करून बसलोय.

त्या फाइलसोबत येणाऱ्या सूचनांची पहिली ओळच बघा: आधी अँटिव्हायरस बंद करा, मग 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'. म्हणजे चोराने कुत्रा बांधायला सांगायचं आणि आपण तो बांधायचा! 'अँटिव्हायरस उगाच ओरडतो' असं सगळे सांगतात. कधीकधी ते खरंही असतं, पण फाइल दहा हातांतून फिरून आलेली. मूळ कुठली आणि मध्ये कोणी काय घुसडलं, हे कळणार कसं? २०२१ मध्ये केएमएसपिको या अशाच एका टूलच्या नावाने फिरणाऱ्या इन्स्टॉलरमध्ये क्रिप्टबॉट नावाचा चोरटा प्रोग्राम सापडला होता. तो ब्राउझरमधले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट चोरायचा. गंमत म्हणजे सोबत अ‍ॅक्टिव्हेशनही होत होतं, मग संशय कोणाला येणार?

विंडोज ७ चे 'लोडर' तर आणखी खोल जातात. विंडोज सुरू होण्याआधीच ते मेमरीत खोटी माहिती भरतात, म्हणजे विंडोजला वाटतं की हे कंपनीकडून परवान्यासकट आलेलं मशीन आहे. बूटमध्येच हात घातल्यावर गडबड व्हायला वेळ लागत नाही. माझा लॅपटॉप एका अपडेटनंतर काळ्या पडद्यावर अडकला तो अडकलाच. पुढे टास्क शेड्यूलरमध्ये दर तासाला चालणारं एक अनोळखी काम सापडलं, आणि अँटिव्हायरसच्या अपवादांत (म्हणजे जे तो तपासतच नाही त्यात) अख्खा सी ड्राइव्ह!

शिवाय पकडलं जाऊ नये म्हणून लोक अपडेटच बंद ठेवतात. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, तो रोखणारा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) मार्चमध्येच आला होता. आता तर विंडोज ७ चा सर्वसाधारण सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय, त्यावर क्रोमही १०९ व्या आवृत्तीवर थांबलं. अ‍ॅक्टिव्हेट केल्याने यातलं काहीच परत येत नाही.

तो काळा डेस्कटॉप नुसता डोळ्यांत खुपतो, बाकी काही करत नाही. नेटशिवाय वापरायचं असेल तर तसंच चालू द्या. नेट हवं असेल तर लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका, ४ जीबी रॅमवर नीट चालते.

आणि टूल आधीच चालवून झालं असेल तर पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, फक्त फोटो-कागदपत्रं काढून घ्या आणि डिस्क पूर्ण फॉरमॅट करा.