पटत नाही, तरी दोरा सुटत नाही

"मॅडम, माझा विश्वास नाही यावर. पण दोरा सोडायला हात धजत नाही. मग मी शिकून काय मिळवलं?"

हा प्रश्न समुपदेशनात माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो, आणि विचारणारे बहुधा चांगले शिकलेले असतात. त्यातलीच ही एक, रायगडच्या खारेपाटातली, पस्तिशीची परिचारिका. तिच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दंडावर काळा दोरा, घामाने कडक झालेला, तीन गाठींचा. अमावस्येला ती मुलीला शाळेत पाठवत नसे. "तीसुद्धा घाबरायला लागलीय," म्हणाली. म्हणूनच आली होती.

घर खाडीच्या बांधाला लागून. ती आठ वर्षांची असताना पिठोरी अमावस्येच्या रात्री बांध फुटला आणि पोटरीत आलेला भात खाऱ्या पाण्याखाली गेला. जमिनीतलं मीठ एका पावसात धुऊन जात नाही. पुढची दोन वर्षंही पोटापुरतं पिकलं नाही. वडील मिठागरावर मजुरीला गेले. आजीने भगताला बोलावलं. तो तांदळाचे दाणे मांडून बोलला, "घरात अमावस्येचा जन्म आहे कुणाचा?" सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या.

खरा सल चौथ्या भेटीत बाहेर आला. पिठोरीला आई डोक्यावर वाण घेऊन पाठमोरी विचारते, "अतित कोण?" म्हणजे अतिथी कोण. मुलं मागून म्हणतात, "मी." लेकरांच्या आयुष्यासाठीचं व्रत ते. त्या संध्याकाळी हिने भावांच्या आधी, मोठ्याने "मी" म्हटलं होतं. खीर-पुरी तिलाच मिळाली. रात्री बांध गेला. "अजूनही वॉर्डात काही चुकलं आणि कुणी विचारलं ना, हे कोणी केलं, तर आधी माझ्याच तोंडून 'मी' निघतं."

यावर मी बराच वेळ काही बोलले नाही.

विश्वास डोक्यात असतो, पण भीती त्याच्याही आधी अंगात मुरलेली असते. मिठाची, मिरच्यांची धुरी, आजीचं पुटपुटणं, मोठ्यांचे उतरलेले चेहरे, हे सगळं तिच्या अंगाने शिकलं तेव्हा शाळेतलं विज्ञान अजून यायचं होतं. शिवाय लहान मुलाला "आपल्या हातात काहीच नाही" यापेक्षा "माझ्यामुळे झालं" हे सोसायला सोपं जातं. माझ्यामुळे झालं असेल तर मी नीट वागून थांबवूही शकेन. दोरा ही तिची त्या वयातली तजवीज होती. त्यात मूर्खपणा कुठे आला?

मी वाद घातला नाही. कागदावर एक गोल काढला आणि बांध फुटण्याच्या कारणांना त्यात वाटे द्यायला सांगितलं, स्वतःचा वाटा सगळ्यांत शेवटी. तिने भराभर लिहिलं: खेकड्यांनी पोखरलेला बांध, दोन वर्षं न झालेली डागडुजी, वरून पाऊस, उधाण. इथे पेन थांबलं. चंद्र-सूर्य एका रेषेत आले की मोठी भरती येते, अमावस्येला आणि पौर्णिमेलाही. खाडीकाठच्या पोरीला हे मी काय सांगणार? तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे काकाने शिकवलेलं गणित तिला तोंडपाठ होतं. कमकुवत बांध फुटायचा तो बहुधा अमावस्या-पौर्णिमेलाच. गोलात तिच्यासाठी जागा उरली नाही. मग ती रडली.

तेवढ्याने दोरा सुटला नाही. आधी आंघोळीपुरता काढला, मग रात्रभर, मग एक अख्खी अमावस्या. छाती धडधडायची, धडधड ओसरेपर्यंत थांबायचं, एवढंच काम. आजीचा राग मात्र मधेच उफाळला. तो मी येऊ दिला. त्याच आजीने तापात रात्र रात्र उशाशी बसून काढली होती, हेही तिचं तिलाच आठवलं.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. आज कुणाच्या घरी भगत मारहाण करत असेल, साप चावलेल्याला दवाखान्यात नेऊ देत नसेल, तर माझ्याकडे येण्याची वाट पाहू नका. आधी दवाखाना, मग पोलीस. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे.

गेल्या अमावस्येला तिचा फोन आला. मुलगी शाळेत गेली होती. आदल्या रात्री दोघींनी बसून पाऊणपट करून भरतीची वेळ काढली होती. दोरा फेकला नाही म्हणाली, आजीच्या नथीच्या डबीत ठेवलाय.