महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीनंतर जर्मनीत इंजिनिअरिंगला थेट प्रवेश मिळतो का?

नुसत्या बारावीवर नाही मिळत.

तुम्ही लिहिलंय की मुलाला बारावी सायन्सला ८० टक्के आहेत आणि एजंट म्हणतोय, 'मार्क चांगले आहेत, शिक्षण फुकट आहे, ऑक्टोबरमध्ये पाठवून देऊ.' मार्कांबद्दल तो बरोबर बोलतोय. फुकटाबद्दलही बऱ्यापैकी बरोबर आहे. ऑक्टोबरचं मात्र त्याला जरा खोलात विचारा.

जर्मन विद्यापीठ मार्क नंतर बघतं. आधी बघतं की तुमची बारावी त्यांच्या शालान्त परीक्षेच्या, म्हणजे आबिटुरच्या, तोडीची आहे का. परदेशी प्रमाणपत्रांचा त्यांचा 'अनाबिन' नावाचा सरकारी डेटाबेस आहे, त्यात आपली एकटी बारावी तशी धरत नाहीत. बोर्ड महाराष्ट्राचं असो की सीबीएसई, सुटका नाही. बारावीला काहीतरी जोड द्यावी लागते.

पहिली जोड जेईई अॅडव्हान्स्डची. ती उत्तीर्ण असेल तर तांत्रिक आणि विज्ञान शाखांना थेट अर्ज करता येतो. मेन्सचा स्कोअर चालत नाही. 'अॅडव्हान्स्ड निघाली तर तो जर्मनीला कशाला जाईल' असं लोक हसून म्हणतात, पण अॅडव्हान्स्ड पास होऊनही आयआयटीची सीट न मिळणारी मुलं पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी ही वाट फारच चांगली आहे आणि ती बहुतेकांना ठाऊकच नसते.

दुसरी वाट म्हणजे इथेच मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचं पहिलं वर्ष नीट पास व्हायचं आणि मग त्याच शाखेसाठी तिकडे अर्ज करायचा. इथे मेकॅनिकल आणि तिकडे अर्थशास्त्र असं जमत नाही.

तिसरी वाट श्टुडिएनकोलेगची. मी हिनेच गेले, हानोव्हरला. हा दोन सेमिस्टरचा पूर्वतयारीचा वर्ग असतो, इंजिनिअरिंगवाल्यांसाठी टी-कोर्स. शेवटी परीक्षा असते, ती पास झालात की विद्यापीठाचं दार उघडतं. सरकारी श्टुडिएनकोलेगमध्ये शिकवणी फी नसते, पण आत शिरायला आधी प्रवेश परीक्षा द्यावी लागते, जर्मन आणि गणिताची, आणि ती जर्मनमधूनच. गणित आपल्या अकरावी-बारावीचंच असतं. आपल्या मुलांना उत्तर येत असतं, प्रश्न वाचता येत नाही. जागा थोड्या आणि अर्ज जगभरातून, त्यामुळे कागदावर बी-वन किंवा बी-टू (भाषेच्या ए-वन ते सी-टू अशा सहा पातळ्यांतल्या मधल्या दोन) पुरेसं असलं तरी खरोखरची भाषा त्याच्या थोडी वरचीच हवी. खासगी श्टुडिएनकोलेगही आहेत, तिथे प्रवेश सोपा आणि फी भरपूर. एजंट बहुधा तिकडेच नेतात. का, ते सांगायला नको.

भाषेचं मी ताणून सांगते, कारण गाडी अडते ती इथेच. सरकारी विद्यापीठांत बॅचलर्स बहुतांशी जर्मनमधूनच चालतं आणि त्यासाठी साधारण सी-वन पातळी लागते. इंग्रजीतून शिकवणारे कोर्स मास्टर्सला खूप, बॅचलर्सला मोजके. पुण्यात अकरावी-बारावीला स्कोअरिंग विषय म्हणून जर्मन घेतात, त्यातले ९५ मार्क इथे उपयोगाचे नाहीत. गोएथे, टेस्टडाफ, टेल्क यांसारख्या परीक्षेचं प्रमाणपत्र लागतं. शून्यापासून बी-टूपर्यंत रोज नेटाने अभ्यास केला तरी वर्ष जातं. मॅक्स म्युलर भवनच्या, म्हणजे गोएथे संस्थेच्या इथल्या केंद्राच्या, बॅचेस पटापट भरतात, तेव्हा निकालाची वाट न बघता नाव घाला.

आता तो ऑक्टोबर. भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे. जर्मन दूतावासाचं दिल्लीतलं एपीएस कार्यालय तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासून ते देतं, फी १८,००० रुपये. आपला निकाल मे महिन्यात, मग मार्कलिस्ट, मग एपीएसचे आठवडे. ऑक्टोबरात सुरू होणाऱ्या हिवाळी सेमिस्टरच्या अर्जाची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलै, श्टुडिएनकोलेगची काही ठिकाणी त्याहून आधी संपलेली. बहुतेक अर्ज युनि-असिस्ट या विद्यापीठांसाठी अर्ज तपासणाऱ्या सामाईक संस्थेमार्फत जातात, पहिल्याला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. ज्याची जर्मन तयार नाही त्याने त्याच वर्षी जायचा विचार सोडलेला बरा. गॅपची भीती वाटत असेल तर दुसरी वाट धरा: इथे इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष करा, संध्याकाळी जर्मन करा. ८० टक्केवाल्या मुलाला मी हेच सांगेन. बेत फसला तरी हातात चालू डिग्री असते.

मार्कांचं म्हणाल तर तिकडे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. ८० टक्के, पासिंग ३५ धरून त्यांच्या सूत्रात घातले की साधारण १.९ येतात. चांगले आहेत. पण मार्कलिस्टवरचे विषयही बघा. कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा बायफोकल विषय घेतला असेल तर तो धरला जातो का, हे विद्यापीठाला आधीच ईमेल करून विचारा. उत्तर देतात ते, सावकाश देतात.

फुकट म्हणजे काय तेही बघून ठेवा. बहुतेक राज्यांत शिकवणी फी नाही, फक्त सेमिस्टरचं किरकोळ शुल्क. पण बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळ्यापासून बॅचलर्सला सेमिस्टरला २,००० किंवा ३,००० युरो लावलेत. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात, म्हणजे अकरा-बारा लाख रुपये. ते मुलाचेच असतात, महिन्याला ९९२ युरो असे परत मिळतात, पण आधी एकरकमी उभे करावे लागतात.

आणि एक काम आजच करा: पासपोर्ट आणि मार्कलिस्ट शेजारी ठेवून नाव ताडून बघा. बोर्डाच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव मुलाच्या नावाला चिकटलेलं, आणि स्पेलिंग कुठे एक 'ए' कुठे दोन. दुरुस्ती लागली तर ती एपीएसला अर्ज करण्याआधी करून घ्या. भाषेच्या परीक्षेचा फॉर्मही पासपोर्टप्रमाणेच भरा.