जिन्याखालचा ठेका

प्रिय मुली,

तुझे पत्र मिळाले आणि त्यासोबतची तीनशे गाण्यांची यादीही मी शेवटपर्यंत वाचली. इतके ऐकूनही आपल्याला नेमके काय आवडते ते सांगता येत नाही, अशी तुझी खंत आहे, आणि माझी आवड कशी घडली असे तू विचारले आहेस. माझ्या बाबतीत ती एका कॅसेटने घडली, त्यातही तिच्या एका बाजूवरील शेवटच्या सात मिनिटांनी. म्हणून संगीताविषयी सर्वसाधारण काही न सांगता मी तुला त्या सात मिनिटांविषयीच लिहिते.

१९८२ साली मी अकरावीत होते. माझ्या एका वर्गमैत्रिणीच्या थोरल्या भावाकडे लेड झेपलिन या इंग्रजी रॉक वाद्यवृंदाची १९७१ सालची एलपी, म्हणजे मोठी तबकडी, होती. तिच्या मुखपृष्ठावर ना वादकांचे नाव होते ना अल्बमचे. पाठीवर काटक्यांचा भारा घेतलेला एक वाकलेला म्हातारा तेवढा होता. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची आणि हा अल्बम साधारण बेचाळीस मिनिटांचा, त्यामुळे तो एका बाजूवर बरोबर मावला. दुसऱ्या बाजूवर माझ्या वडिलांनी आकाशवाणीवरून भरून घेतलेला भीमसेन जोशींचा राग शुद्ध कल्याण होता. घरात कॅसेटी मोजक्याच होत्या, म्हणून एक बाजू संपली की उलटून दुसरी लावायची, असे दोन वर्षे चालले. मी हा वाद्यवृंद ऐकू लागले तोवर तो संपलेलाही होता, कारण त्याचा ड्रमवादक जॉन बोनम १९८० च्या सप्टेंबरमध्ये वारला आणि उरलेल्या तिघांनी त्याच वर्षी थांबायचे ठरवले.

त्या बाजूवरील शेवटचे गाणे म्हणजे 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. लेव्ही म्हणजे नदीकाठचा मातीचा बांध. आरंभी केवळ ड्रम वाजतात. पहिल्यांदा ऐकताना मला वाटले की एखाद्या मोठ्या रिकाम्या वाड्यात कोणीतरी ठेका धरून बसले आहे, आणि पुढे वाचनात आले ते याच्याशी बरेच जुळणारे होते. इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यात हेडली ग्रेंज नावाचे एक जुने घर आहे, जे १७९५ मध्ये गोरगरिबांच्या आश्रयासाठी बांधले गेले होते. तेथे हे चौघे राहायला गेले आणि ध्वनिमुद्रणाची यंत्रे बसवलेली एक गाडी त्यांनी दाराशी उभी केली. बोनमचे ड्रम जिन्याच्या तळाशी, उंच छताच्या प्रवेशदालनात मांडले होते. अँडी जॉन्स या ध्वनिमुद्रकाने प्रत्येक ड्रमजवळ वेगळा माइक न ठेवता फक्त दोन माइक वरच्या मजल्याच्या कठड्यावरून लोंबते सोडले. त्यामुळे टेपवर ड्रमच्या आघातासोबत भिंतींचा, पायऱ्यांचा आणि छताचा घुमाराही उतरला. त्या गाण्यातला प्रत्येक ठोका पडतो, वर चढतो, विरत जातो, आणि तो पुरता विरायच्या आत पुढचा ठोका येतो.

माझे वडील तरुणपणी तबला शिकलेले होते. घरातल्या इतरांना हे सारे गोंगाटाचे वाटत असे, पण एका रविवारी ते दाराशी उभे राहून पूर्ण गाणे ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, "हा घाई करत नाही. पुढचा ठोका कुठे पडणार हे त्याला पक्के ठाऊक आहे, म्हणून त्याला थांबता येते." मग त्यांनी स्वतःच कॅसेट उलटली आणि विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या ख्यालात ठेक्याच्या दोन बोलांमध्ये किती जागा असते आणि गाणारा त्या जागेत कसा राहतो, ते मला ऐकवले. त्या दिवसापर्यंत विलंबित ख्याल म्हणजे द्रुत सुरू होईपर्यंत सोसायचा वेळ, अशी माझी समजूत होती.

तेव्हापासून कोणतेही संगीत ऐकताना माझे कान आधी आघातामागची जागा शोधतात. पखवाजाचा 'धा' मला तबल्याच्या लखलखीत तुकड्यांहून अधिक ओढून घेतो, आणि जुन्या चित्रपटगीतांतही वाद्यमेळ मागे सरून गायकाचा एक स्वर एकटा उरतो त्या क्षणासाठी मी गाणे पुन्हा लावते. याच आवडीने मला काही गोष्टींपासून दूरही ठेवले, हे तुला सांगितले पाहिजे. दाट विणीचे, श्वास न घेता धावणारे संगीत मला वयाच्या पन्नाशीपर्यंत परके वाटत राहिले, आणि त्यात काय काय होते ते कळायला फार उशीर झाला याचे मला आजही वाईट वाटते.

आता 'कश्मीर' या गाण्याविषयी, कारण लयीचे सर्वांत मोठे शिक्षण मला त्यानेच दिले. हे १९७५ च्या 'फिजिकल ग्राफिटी' या दुहेरी अल्बममधील आहे. नाव काश्मीरचे असले तरी त्याचे शब्द गायक रॉबर्ट प्लांटला दक्षिण मोरोक्कोतील एका लांबच लांब वाळवंटी रस्त्यावर सुचले, आणि तोवर त्यांच्यापैकी कोणीही काश्मीर पाहिलेले नव्हते. गंमत नावात नाही, मात्रांत आहे. जिमी पेजच्या गिटारची मुख्य फिरत तीन-तीन मात्रांची आहे आणि बोनम तिच्याखाली शांतपणे चार-चार मात्रांचा ठेका धरून आहे. गिटारच्या चार फेऱ्या होतात तेव्हा ड्रमच्या तीन होतात, आणि बारा मात्रांनंतर दोघे पुन्हा एकाच ठोक्यावर भेटतात. याला आपला बारा मात्रांचा एकताल म्हणू नकोस; खाली, टाळी, बोलांची रचना यांतले इथे काहीच नाही. पण त्या भेटीच्या ठोक्यावर माझी मान आपोआप हलली, तेव्हा समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, ओढ म्हणजे काय हे मला प्रथमच शरीराने कळले, आणि त्यानंतर मैफलीत समेवर दाद देणाऱ्या श्रोत्यांकडे मी बाहेरच्या माणसासारखी पाहिले नाही.

या वादकांचा आपल्या शहराशी एक छोटासा संबंधही आहे. पेज आणि प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले आणि येथील वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांपैकी एकात पाच आणि सहा मात्रांचे तुकडे एकमेकांत गुंतलेले आहेत. तो प्रयोग अधिकृतपणे प्रसिद्ध झाला २०१५ मध्ये. मला तो अर्धवट वाटतो, तरी ऐकून ठेव.

ज्या गोष्टीबाबत मी तुला सर्वाधिक आग्रह करीन ती म्हणजे उगमाकडे जाणे. बांध फुटण्याचे ते गाणे मुळात लेड झेपलिनचे नाही. १९२७ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीला आलेल्या महापुरात बांध फुटले, लाखो लोक बेघर झाले, आणि बांधांवर राबवल्या गेलेल्या कृष्णवर्णीय मजुरांचे हाल तर विचारायलाच नकोत. दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, मेम्फिस मिनी ही ब्लूज, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीतातली, गायिका आणि तिचा नवरा कॅन्सस जो मॅकॉय यांनी दोन गिटारींवर ते गाणे ध्वनिमुद्रित केले. मी ते ऐकले तेव्हा चाळिशीत होते. त्यात ना ड्रम आहेत ना घुमारा. बोटे चपळ, आवाज साधा, आणि पुराचे पाणी दाराशी आलेल्या माणसाचे बोलणे. ज्या भव्यतेवर मी वीस वर्षे जीव टाकला तिच्या तळाशी हा एवढासा आवाज होता, हे पचवायला मला बरेच दिवस लागले.

त्या गाण्याच्या श्रेयात मेम्फिस मिनीचे नाव लेड झेपलिनच्या वादकांनी घातले, पण प्रत्येक वेळी त्यांनी असा प्रामाणिकपणा दाखवला नाही. 'होल लॉटा लव्ह' या त्यांच्या प्रसिद्ध गाण्यातील शब्द विली डिक्सन या ब्लूज रचनाकाराच्या गाण्यावरून घेतलेले होते. त्याने १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली, आणि त्याचे नाव श्रेयात पुढे आले. हे कळल्यावर मी ती कॅसेट टाकून दिली नाही, पण विली डिक्सनच्या रचना ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या आवाजात ऐकायला सुरुवात केली. ज्यांच्यावर आपण प्रेम करतो त्यांचे देणे आपणही थोडे फेडावे, असे मला वाटते.

तुझ्या यादीतून एकच अल्बम निवड, शक्यतो असा की ज्यातले काहीतरी तुला पूर्णपणे कळत नाही. महिनाभर तो सलग, अनुक्रम न बदलता ऐक, आणि ऐकताना हातात दुसरे काही घेऊ नकोस. मग त्या वादकांनी स्वतः काय ऐकले होते ते शोध. बाकीची गाणी कुठे जात नाहीत.

माझी कॅसेट अजून आहे. टेप दोन ठिकाणी तुटली होती, ती चिकटपट्टीने जोडून घेतली आहे, आणि शुद्ध कल्याणाच्या बाजूला त्या जागी एक स्वर गायब होतो. दिवाळीत येशील तेव्हा दोन्ही बाजू लावू. तोवर 'कश्मीर' लावून उजव्या हाताने तीन आणि डाव्या हाताने चार मोजून पाहा, आणि मोजणी कुठे सुटते ते मला कळव. माझी पुष्कळ दिवस सातव्या मात्रेला सुटत असे.

तुझी,
काकू