अमेरिकेत म्युनिसिपल बाँड (शहरं, राज्यं कर्ज उभारायला काढतात ते रोखे) विकणाऱ्या कंपन्यांवर लक्ष कोण ठेवतं?

नियम करतं म्युनिसिपल सिक्युरिटीज रूलमेकिंग बोर्ड, म्हणजे एमएसआरबी. अमेरिकी काँग्रेसने १९७५ च्या कायद्याने ते स्थापलं. तपासणी आणि दंड मात्र एसईसी (रोखे बाजाराचा सरकारी नियामक), फिन्रा (दलाल कंपन्यांची स्वनियामक संस्था) आणि बँकांच्या नियामकांकडे. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो १९९४ चा जी-३७ नियम: बाँडचं काम देऊ शकणाऱ्या पुढाऱ्याला कंपनीने किंवा तिच्या संबंधित अधिकाऱ्याने निवडणूक देणगी दिली, तर त्या शहराचं बोलीऐवजी वाटाघाटीने मिळणारं काम तिला दोन वर्षं बंद. (स्वतः मत देऊ शकतो अशा उमेदवाराला अधिकाऱ्याने दिलेल्या २५० डॉलरपर्यंत सूट आहे.) कठोर आहे, पण व्याज नागरिकांच्या खिशातून जातं, म्हणून योग्यच. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने शहरांना बाँडबाबत सल्ला देणारेही नियमांखाली आले. बाँड घेण्याआधी ‘एम्मा’ या मोफत संकेतस्थळावर त्याची कागदपत्रं जरूर वाचा.