दोन वर्षे उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या टाकीतील जुने पेट्रोल कसे काढावे?

आपली कार्ब्युरेटरची मोटारसायकल दोन वर्षे उभी आहे आणि टाकी अर्धी भरलेली आहे. त्यातले पेट्रोल नळी लावून तोंडाने ओढून काढावे का, आणि नंतर ताज्या पेट्रोलमध्ये मिसळून वापरता येईल का, असे आपण विचारले आहे. तोंडाने ओढू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. पेट्रोल पाण्याहून पातळ असते आणि ठसका लागून त्यातले थोडेसे जरी श्वासनलिकेत उतरले, तरी फुप्फुसांना गंभीर सूज येऊ शकते. चुकून पोटात गेलेच तर उलटी काढू नये, कारण उलटी होताना तेच पेट्रोल फुप्फुसांत जाण्याची भीती असते. तडक डॉक्टरांकडे जावे.

शिवाय मोटारसायकलमध्ये ओढण्याची गरजच नसते, कारण टाकी कार्ब्युरेटरच्या वर असते आणि पेट्रोल आपल्या वजनानेच खाली येते. गाडी उघड्यावर घ्यावी, इंजिन थंड असावे, बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडवावी आणि आसपास विडी-सिगारेट, शेगडी, चालू मोटर यांपैकी काहीही नसावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती जमिनीलगत पसरत जाते आणि आपल्याला दिसतही नाही अशा दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचू शकते. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट तिला लागू शकतो, म्हणून थंडीचे दिवस आहेत या भरवशावर राहू नये. खाली इंधनासाठी बनवलेला कॅन जमिनीवर टेकवून ठेवावा. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली या कामाची नाही.

आता पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोल चालू-बंद करायची तोटी, बंद करून त्याची नळी कार्ब्युरेटरच्या बाजूने सोडवावी, तिचे टोक कॅनमध्ये सोडावे आणि कॉक ‘रिझर्व्ह’वर फिरवावा. ‘ऑन’वर ठेवल्यास आतली उभी नळी जितकी उंच असेल तितके पेट्रोल टाकीतच राहते. काही गाड्यांचा कॉक इंजिनाच्या ओढीवर उघडणारा असतो. त्यावर ‘प्राइम’ची खूण असल्यास तिथे फिरवावे, नसल्यास हाताने दाबायचा पंप वापरून टाकीच्या तोंडातून पेट्रोल काढावे.

सुरुवातीचे पेट्रोल मात्र काचेच्या बरणीत घ्यावे आणि बरणी दहा मिनिटे न हलवता तशीच ठेवावी, ही माझी आग्रहाची सूचना आहे. माझी स्वतःची गाडी दीड वर्ष उभी राहिली होती, तेव्हा बरणीत गडद चहासारखा रंग दिसला, वास वार्निशसारखा आंबूस होता आणि तळाशी पाण्याचा एक टपोरा थेंब बरणी हलवताच लोळत होता. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते नेहमी खालीच सापडते, आणि इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतले बाष्प शोषून घेत असल्याने बंद टाकीतही ते साचते. त्या एका थेंबाने मला सांगितले की टाकी नुसती रिकामी करून भागणार नाही. म्हणून मी टाकीचे बोल्ट काढून ती उतरवली, कलती करून तळ निथळू दिला, मग अर्धा लिटर ताजे पेट्रोल आत खळबळून तेही बाहेर काढले. त्याबरोबर तांबूस गंजाची भुकटी आली आणि कॉकमधली बारीक जाळी तिनेच निम्मी बुजलेली निघाली.

रिकामी टाकी निर्धोक असते, हा समज घातक आहे. तिच्यात वाफ आणि हवा यांचे मिश्रण उरते आणि तेच स्फोट घडवते. म्हणून टाकीला झाळ किंवा वेल्डिंग करायचे असल्यास ते घरी मुळीच करू नये.

कार्ब्युरेटरही सोडू नये. पेट्रोलचा हलका भाग उडून गेला की उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन चिकट थर तयार होतो, आणि जेटचे, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक तुकड्याचे, केसाएवढे छिद्र त्यानेच बुजते. कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीचा स्क्रू सैल करून तिथले पेट्रोल काढावे. तरीही गाडी चालू होत नसेल तर जेट काढून, क्लीनर फवारून, उजेडाकडे धरून पाहावे. तार खुपसू नये, त्याने छिद्र मोठे होते आणि मग इंजिन नीट चालत नाही.

जुने पेट्रोल मिसळावे का, या प्रश्नावर माझे मत असे की दोन वर्षांचे पेट्रोल मिसळू नये. काही महिन्यांचे, स्वच्छ आणि पाणी नसलेले असते तर बऱ्याच ताज्यात थोडे मिसळायला मी हरकत घेतली नसती. ते गटारात, मातीत किंवा कचऱ्यात ओतू नये. झाकण घट्ट लावून, कॅनवर ‘जुने पेट्रोल’ असे लिहून, घातक कचरा घेणाऱ्या केंद्राकडे किंवा ते स्वीकारणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

गाडी चालू झाल्यावर आठवड्याभराने वाटीचा स्क्रू पुन्हा सैल करून थोडे पेट्रोल बरणीत घ्यावे. त्यात पुन्हा तांबूस कण दिसले तर गंज टाकीतच आहे असे समजावे, आणि टाकी आतून साफ करवून घेतल्याशिवाय गाडी लांबच्या प्रवासाला काढू नये.