वडिलांची शुगर भात-साखर सोडूनही उतरत नाही. आता कार्बोहायड्रेट पूर्णच बंद करायचे का?

प्रश्नाखाली तुम्ही एवढी माहिती दिली आहे: वडील ६२ वर्षांचे, घर साताऱ्याजवळ, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी सुरू. तीन महिने भात, बटाटा, साखर, केळी बंद. दवाखान्यातून मिळालेल्या छापील कागदावर ‘ज्वारीची भाकरी चालेल’ असं लिहिलंय आणि तोंडी ‘कितीही खा’ असं सांगितलंय. तरी जेवणानंतरची शुगर २६०.

पूर्ण बंद करू नका. खरं तर उत्तर इथंच संपलं असतं, पण ते ‘कितीही’ वाचून राहवलं नाही. सातारा-सांगली पट्ट्यात शुगर न उतरण्यामागं भातापेक्षा हा शब्द जास्त वेळा सापडतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये भारतीय पदार्थांचे तक्ते काढले. त्यात १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कार्बोहायड्रेट आहे, बाजरीत ६२, गव्हाच्या आट्यात ६४ आणि पॉलिश तांदळात ७८. चोथा वगळून आलेले हे आकडे आहेत. चोथा ज्वारीत १० ग्रॅम, आट्यात ११, तांदळात तीनच्याही आत. म्हणजे भाकरी आणि चपाती यांच्यात पिठाच्या पातळीवर भांडण लावावं इतका फरकच नाही. भाकरीनं पोट भरल्यासारखं वाटतं, तिला तेल लागत नाही आणि ती चावून खावी लागते. हे तिचे खरे गुण. पण आतड्यात गेल्यावर शाळूच्या (रब्बी ज्वारीच्या) पिठाचंही ग्लुकोजच होतं. ते होताना शाळू आपल्या रानातला होता का, हे कुणी विचारत नाही.

फरक पडतो तो आकाराचा. खटावकडच्या एका घरात हेच कोडं होतं. गडी ५८ वर्षांचा, ‘फक्त दोन भाकरी’ खाणारा, आणि शुगर तुमच्या वडिलांसारखीच. परातीत पीठ घेताना काट्यावर मोजून बरोबर अर्धा किलो घेतलं आणि त्या माउलीला नेहमीच्या पद्धतीनं भाकरी थापायला सांगितलं. सहा झाल्या. म्हणजे एका भाकरीला ८३ ग्रॅम पीठ आणि ५६ ग्रॅम कार्बोहायड्रेट. दोन भाकरींचे ११२. घरोघरच्या मध्यम चपातीला २५ ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे १६ ग्रॅम कार्बोहायड्रेट. ‘फक्त दोन भाकरी’ म्हणजे सात चपात्या झाल्या. हा हिशोब ऐकून त्या माउली म्हणाल्या, ‘आमच्यात हिला बारकी म्हणत्यात.’

तयार भाकरी काट्यावर ठेवून हा हिशोब लागत नाही. तिच्यात पाणी किती उरलं हे तवा, आच आणि भाकरी किती वेळ झाकून ठेवली यावर ठरतं. मोजायचं ते कोरडं पीठ.

ताटात बाकी काय होतं तेही बघा. आमटी पातळ, वाटीभरात जेमतेम मूठभर डाळीचा अंश, म्हणजे कार्बोहायड्रेट आठ-दहा ग्रॅम आणि प्रथिनं नावाला. माळवं, म्हणजे भाजी, तोंडी लावण्यापुरती. साखर बंद म्हणून चहात गूळ, कपाला १० ग्रॅमचा खडा, दिवसाला चार कप. अशक्तपणा नको म्हणून सकाळी मूठभर बेदाणे. गुळात १०० ग्रॅमला सुमारे ८५ ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं, म्हणजे चार कपांचे ३४. ३० ग्रॅम बेदाण्यांचे वीसच्या वर. सांगलीच्या गूळपेठेशेजारी राहून हे लिहिणं जिवावर येतं, पण मधुमेहात गूळ म्हणजे रंग आलेली साखर. त्यातल्या लोहासाठी गूळ खायचा तर त्याआधी शुगरची गोळी वाढवावी लागेल. बेदाण्यांचंही तेच. द्राक्षातलं पाणी उडालं, साखर जागच्या जागी राहिली. तासगावचे असोत की आणखी कुठले.

त्या घरात बंद काहीच केलं नाही. अर्ध्या किलोच्या सहाऐवजी बारा भाकरी करायच्या ठरलं. जाडी तीच, फक्त घेर तव्याएवढा न ठेवता ताटलीएवढा. एकीला ४० ते ४२ ग्रॅम पीठ, २७-२८ ग्रॅम कार्बोहायड्रेट. उंडा (पिठाचा गोळा) लहान घेतला की झालं, थापायला उलट सोपी आणि कडा चिरत नाहीत. पातळ करून मोठी ठेवायचा प्रयत्न मात्र फसतो. ज्वारीच्या पिठाला चिकाटी नसते, गरम पाण्यानं पीठ भिजवून जेवढा चिकटपणा येतो तेवढाच. पातळ भाकरी तव्यावर टाकताना फाटते, मग बाई वैतागते आणि आठवड्यात जुना उंडा परत येतो.

‘मोठी भाकरी अर्धी खा’ असं का नाही सांगितलं? कारण माणूस भाकरी मोजतो, ग्रॅम मोजत नाही. अर्धी भाकरी म्हणजे पंगतीत कमीपणा, आणि उरलेली अर्धी फुकट कशी घालवायची म्हणून तीही पोटात जाते. दोनाच्या दोनच राहिल्या तर गडी तक्रार करत नाही. जागा रिकामी झाली तिथं मटकीची किंवा वाघ्या घेवड्याची घट्ट उसळ वाटीभर (३० ग्रॅम कोरडं कडधान्य), पालेभाजी दोन वाट्या, काकडी आणि ताक. जेवणाची सुरुवात उसळ-भाजीनं करायची, भाकरी मागून घ्यायची. पहिल्या चार-पाच घासांत भाजी आणि प्रथिनं गेली की जेवणानंतरचा चढ कमी येतो. अख्ख्या जेवणाचं कार्बोहायड्रेट १२०वरून ७०च्या घरात आलं. बैठं काम असेल तर त्यातली एक भाकरी आणखी कमी.

आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की दिवसाच्या ऊर्जेपैकी ४५ टक्क्यांपेक्षा जास्त धान्यातून येऊ नये. १८०० कॅलरीच्या माणसाला त्याचा अर्थ दिवसाला साधारण २४० ग्रॅम कोरडं धान्य, पोहे-उपमा-भात सगळं धरून. जुन्या मापाच्या चार भाकरींतच ३३० ग्रॅम जात होतं.

भाताला मात्र उगाच बदनाम केलंय. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात २८ ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं. दीडशे ग्रॅम, म्हणजे मध्यम वाटी शिगोशीग भात, ४२ ग्रॅम. एका मोठ्या भाकरीपेक्षा कमी. अडचण एवढीच की भात वाटीत कुणी घेत नाही आणि आमटीबरोबर न चावताच खाली उतरतो. वाटीनं मोजून, उसळीबरोबर खाल्ला तर बंद करायचं कारण नाही. उलट ज्या दिवशी भात, त्या दिवशी भाकरी एकच, एवढा नियम पुरतो. मल्टिग्रेन पिठावरही पैसे घालवू नका. चार भाग ज्वारीत एक भाग हरभऱ्याचं पीठ घातलं तरी १०० ग्रॅमला चार-पाच ग्रॅमच कमी होतात, आणि भाकरी मोडते ती वेगळीच. तेच बेसन पिठल्यात घाला. शिळी भाकरी किंवा गार भात यांत थोडा स्टार्च पचायला अवघड होतो हे खरं, पण त्याच्या नावावर एक भाकरी जास्त खाण्याइतका नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, आधी डॉक्टरांना विचारा आणि तीन दिवस मोजा. रोज तीच वेळ, पहिल्या घासाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. जेवण संपल्यापासून दोन तास नव्हे, तिथंच बहुतेकांचा घोळ होतो. पहिल्या दिवशी नेहमीच्या दोन भाकरी, दुसऱ्या दिवशी दोन लहान आणि उसळ, तिसऱ्या दिवशी वाटीभर भात आणि उसळ. दोन तासांची शुगर १८०च्या आत यावी ही सर्वसाधारण अपेक्षा. बोट टोचण्याआधी हात साबणानं धुवून कोरडे करा. गूळ फोडलेल्या किंवा द्राक्षं सोललेल्या बोटातून आलेला थेंब शंभरानं जास्त आकडा दाखवू शकतो, आणि मग घरात रडारड. पट्ट्यांच्या डबीचं झाकण पावसाळ्यात उघडं राहिलं तर पट्ट्याही खोटं बोलतात.

आता पूर्ण बंद करण्याबद्दल. पहिल्या आठवड्यात वजन दोन-अडीच किलो उतरेल आणि सगळे खूश होतील. त्यातलं बरंच पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं, साठा संपला की तेही जातं. मेंदूला दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागतं. खाल्लं नाही तर यकृत ते प्रथिनांतून तयार करतं आणि काही भाग किटोनवर, म्हणजे चरबीपासून बनणाऱ्या इंधनावर भागतो. त्यामुळं माणूस लगेच कोसळत नाही, पण ज्या घरात रोज परात बसते तिथं एकट्यानं असं राहणं महिनाभरही टिकत नाही.

खरा धोका गोळ्यांचा. ग्लिमेपिराइड तुम्ही खाल्लं की नाही हे बघत नाही, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतंच. म्हणून भाकरी निम्मी करण्याआधी डॉक्टरांना सांगून गोळीचा डोस ठरवून घ्या. मी वर लिहिलेला बदलसुद्धा त्याशिवाय करू नका. दिवसातून दोनदाच जेवायची पद्धत, एकादशी, वारीतलं चालणं, सगळ्याला हेच लागू. (एकादशीचं सांगायचं तर ७५ ग्रॅम साबुदाण्याच्या खिचडीत ६५ ग्रॅम कार्बोहायड्रेट, आणि प्रथिनं आली तर फक्त शेंगदाण्याची. त्याला उपवास म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.)

घाम, थरथर, चिडचिड, डोळ्यांपुढं अंधारी आली की लगेच मोजा. ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम. पंधरा मिनिटांनी परत मोजा, चढली नसेल तर परत तेवढंच. चढल्यावर काहीतरी खाऊ घाला. मोजायचं यंत्र हाताशी नसेल तर वाट न बघता साखर द्या. साताऱ्यात हाताशी पहिला कंदी पेढा येतो, तो देऊ नका. खव्यातल्या स्निग्धांशामुळं त्यातली साखर रक्तात उशिरा पोचते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही शुगरची गोळी सुरू असेल तर साधी साखर वेळेवर फुटत नाही, घरात ग्लुकोज पावडरच ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८.

आणि वडिलांना पुढं कधी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी सुरू झाली तर कार्बोहायड्रेट शून्यावर नेणं जास्तच धोक्याचं. शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात किटोन साचतात. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर मशीनवरच्या १६० या आकड्यावर विसंबून घरी थांबू नका.

छापील कागदाबद्दल माझा राग जुना आहे, तोही इथंच काढतो. त्यावर पदार्थांची नावं असतात, माप नसतं. तो हातात दिला जातो पेशंटच्या, ज्यानं आयुष्यात पिठाला हात लावलेला नसतो. आणि शेवटी ‘कळलं का?’ विचारतात, त्याला सगळे ‘होय’च म्हणतात. त्याऐवजी ‘उद्या दुपारी ताटात काय घेणार ते सांगा’ असं विचारलं की काय कळलं नाही ते तिथंच दिसतं. याला ठरलेलं उत्तर मिळतं, ओपीडीत वेळ नसतो. मान्य. पण ‘किलोला किती भाकरी होतात?’ हे विचारायला दहा सेकंद लागतात, आणि भाकरी करणाऱ्या कुठल्याही बाईला ते पाठ असतं. किलोभर ज्वारीच्या पिठात ६८० ग्रॅम कार्बोहायड्रेट, त्या ६८० ला त्या आकड्यानं भागा, एका भाकरीचं कार्बोहायड्रेट मिळालं. किलोला बारा असतील तर ५७, अठरा असतील तर ३८, चोवीस असतील तर २८. बाजरी असेल तर ६२० ला भागा. याला ना ॲप लागतं ना तक्ता.

दोन गोष्टी राहिल्या. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) वाढलेलं असेल तर उसळीचं प्रमाण वर लिहिल्याप्रमाणं वाढवू नका, ते रिपोर्ट बघूनच ठरतं. आणि इन्सुलिन सुरू असलेल्यांनी भाकरीचा आकार आज एक, उद्या दुसरा असं करू नये. डोस ज्या आकारावर बसवलाय तोच रोज ठेवावा.

आईंना विचारा, किलोला किती होतात. तो आकडा आणि तीन दिवसांच्या सहा नोंदी घेऊन डॉक्टरांकडं परत जा. छापील कागद घरी ठेवला तरी चालेल.